गाडीचे सांधे बघणाऱ्या सिस्टर

इंजिनचा विषय निघाला की गंगासागर सिस्टर दोन्ही हात वर करायच्या. "ते मोठ्या डाक्टरचं काम. मी फकस्त हाडं न् सांधे बघते."

गाडीची हाडं आणि सांधे म्हणजे चाकांच्या आसपास, पत्र्याच्या आड दडलेली मंडळी. स्प्रिंग, शॉकप, रबरी बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट. खड्ड्यात चाक आदळलं की धक्का ज्यांच्या अंगावर जातो ती. तेवढंच त्यांचं राज्य होतं, आणि त्या राज्यात त्या कुणाचं ऐकत नसत.

परभणीत जिंतूर रोडच्या आत आमची कॉलनी. सिस्टरचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बोरीच्या बाजूच्या खेड्यांत काढली होती. लसी टोचल्या, बाळंतपणं केली, सुनांच्या वतीनं सासवांशी भांडल्या. यजमान लवकर गेले. एकुलती मुलगी नांदेडला दिलेली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या बाया भजनी मंडळात गेल्या, आणि सिस्टर ड्रायव्हिंग शिकायला गेल्या. जन्मभर पांढरं नेसलेली ही बाई एकदम पोपटी, किरमिजी, मोरपंखी साड्या नेसायला लागली. माझी बायको मंगल एकदा म्हणाली, "सिस्टर, साडी लय खुलती तुमाला." तर म्हणाल्या, "खुलू दे. आता कुणाला वार्डात शांत झोपवायचं न्हाई मला."

घड्याळ मात्र नर्ससारखंच, मनगटाच्या आतल्या बाजूला. ते शेवटपर्यंत तिथंच राहिलं.

गाडी त्यांनी जुनी घेतली. एका हेडमास्तरांची होती. फिकट निळी, बुटकी. हेडमास्तरांनी ती घर ते शाळा आणि शाळा ते घर एवढीच चालवलेली, त्यामुळं जगाचा अनुभव तिला नव्हता. तो आम्ही दिला. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात तडकते. तिच्यावर डांबर अंथरलं की दोन पावसाळ्यांत रस्त्याची गोधडी होते. खड्डे तर असतातच, पण खड्डे नसतात तिथंही गाडी होडीसारखी डुलत जाते. अशा रस्त्यावर ती शाळामास्तरी गाडी महिनाभर धावली आणि कण्हायला लागली.

कण्हणाऱ्याला तपासल्याशिवाय दुसरीकडं पाठवायचं नाही, हा सिस्टरचा स्वभाव. त्यांनी दोन्ही हात बॉनेटच्या कोपऱ्यावर ठेवले, अंगाचा भार टाकून गाडी दाबली आणि सोडून दिली. मनगट उलटं करून घड्याळात बघत उभ्या राहिल्या. मी भिंतीवरून विचारलं, "काय करायलाव सिस्टर?"

"दाबून सोडली की गाडीनं एकदा उठावं अन् गप बसावं. डुलायला लागली म्हंजे त्या कोपऱ्याचा शॉकप गेला. फोनवर बघितलं मी."

"मग डुलायलीय का?"

"काय माहीत? माझ्या वजनानं ती दबंनाच."

म्हणून भुजंगरावांना बोलावलं. भुजंगराव आमच्या समोर राहायचे, तेलाच्या गिरणीवर मॅनेजर होते, आणि गिरणीतलं निम्मं तेल त्यांच्या अंगी लागलं असावं असं बघणाऱ्याला वाटे. "भुजंगराव, जरा वजन द्या," अशी हाक आली की ते बनियनवर बाहेर यायचे. त्यांच्या पत्नी ओट्यावरून म्हणायच्या, "जाऊ द्या. घरात कशाला उपयोगी न्हाईत, गल्लीला तरी होऊ द्या." भुजंगराव गाडीच्या कोपऱ्यावर बसायचे, सिस्टर "उठा!" म्हणाल्या की झटकन उठायचे, आणि गाडी काय करते ते आम्ही सगळे श्वास रोखून बघायचो. पुढं पुढं भुजंगरावांना या कामाचा अभिमान वाटायला लागला. बायकोनं रात्रीची भाकरी कमी केली तर सांगायचे, "मी बारीक झालो तर सिस्टरनं तपासायचं कसं?"

पहिला मोठा आजार मात्र मागच्या बाजूला झाला. पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन घेऊन सिस्टर आल्या, त्या तोंड पाडूनच. गाडीच्या मागून खट, खट असा आवाज यायला लागला होता. वळणावर जास्त, खड्ड्यात त्याहून जास्त, आणि ब्रेक मारला की एकदा मोठ्यानं खट.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सगळी गल्ली कामाला लागली. भुजंगराव मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर आळीपाळीनं बसले. गाडी शहाण्यासारखी एकदा उठून गप बसली. सिस्टरनी खाली वाकून शॉकपवर तेल गळलंय का ते पाहिलं, कोरडं होतं. टायरवर तळहात फिरवला, झीज सारखी होती. मग मंगलला मागं पळायला लावलं. सिस्टर गाडी हळूहळू चालवायच्या आणि मंगल पदर खोचून मागच्या चाकाशेजारी कान देऊन पळायची. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि धापा टाकत परत आली.

"काय ऐकलं?"

"खटऽ वाजलं. अन् मधूनच गडगड."

सिस्टर ओट्यावर बसल्या, चष्मा काढून पदरानं पुसला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "मागचा बुश. खलास झालाय. रबर गेलं, आता लोखंडाला लोखंड लागायलंय."

सोमवारी त्या गाडी घेऊन खालेदभाईंकडं गेल्या. मीही बरोबर होतो. खालेदभाई म्हणजे कॉलनीच्या तोंडाशी गॅरेज असलेला मेस्त्री. उंच, किडकिडीत, आणि कुठलंही वाक्य बोलायच्या आधी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेणारा. सिस्टरनी त्यांना आजार, लक्षणं, केलेल्या तपासण्या आणि निदान असं सगळं क्रमानं सांगितलं. खालेदभाईंनी पान हलवलं. मुकाट्यानं डिक्की उघडली, आतली सतरंजी काढली, स्टेपनी उचलली, तिच्या खालच्या खोलगट जागेत हात घातला आणि एक नारळ बाहेर काढला. शेंडीवाला, हळदीकुंकू लावलेला, पोखर्णीचा.

दोन्ही हातांनी तो सिस्टरपुढं धरून ते म्हणाले, "मुबारक हो सिस्टर. डिलिव्हरी हो गई."

मला वाटलं आता काही खरं नाही. सिस्टरनी नारळ हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारलं, "नॉर्मल?"

"एकदम नॉर्मल."

तो नारळ सिस्टरनी तिथंच गॅरेजच्या लोखंडी बाकावर फोडला आणि खालेदभाईंसकट सगळ्यांना प्रसाद दिला. दोघांची दोस्ती त्या खोबऱ्यावर झाली. पुढं खालेदभाई सगळीकडं तक्रार करत हिंडायचे, "ये सिस्टर घर पे पूरा ऑपरेशन करके आते, मेरे पास सिरफ टाका मारने लाते." पण कुणाच्या गाडीचा आवाज सापडेना की स्वतःच म्हणायचे, "एक बार सिस्टर को दिखाके आव."

हळूहळू लोक यायलाच लागले. सिस्टर कधी थेट गाडीकडं जायच्या नाहीत. आधी मालकाला ओट्यावर खुर्ची, पाणी. मग चौकशी. आवाज कवापासून? खट् वाजतं का खडखड? खड्ड्यात पडताना का निघताना? ब्रेक मारल्यावर नाक खाली घालती का? सरळ रस्त्यावर सोडली तर एका अंगाला ओढती का? जागेवर उभी असताना स्टेअरिंग फिरवलं की कुरकुरती का? शेवटी आवाज खाली आणून विचारायच्या, "मागच्या पंधरवड्यात कुठं लग्न-बिग्न? किती माणसं कोंबली?"

"पाच."

सिस्टर चष्म्यावरून बघायच्या.

"लेकरं धरून नऊ असतील."

"हं," म्हणून त्या उठायच्या. "पेशंट खोटं बोलत न्हाई. संगं आलेले बोलतात."

निदान दर वेळी बरोबर यायचं असं अजिबात नाही. एका वकिलाच्या गाडीची पुढची स्प्रिंग तुटलीय म्हणून त्यांनी ती आठवडाभर हलू दिली नाही. एका बाजूनं गाडी खाली बसलेली होती ही गोष्ट खरी. निघालं असं की त्या चाकातली हवाच कमी होती. वकीलसाहेब आठ दिवस रिक्षानं कोर्टात गेले. सिस्टरवर याचा काहीही परिणाम झाला नाही. "बेड रेस्टनं कुणाचं वाईट झालंय का?" एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या घरासमोर एक गतिरोधक होता. कुणीतरी मुरूम आणि सिमेंट कालवून हौसेनं घातलेला, मेलेल्या रेड्याएवढा. प्रत्येक गाडीचं पोट त्याला घासायचं. तो फोडायचा म्हणून कॉलनीची बैठक भरली. सगळे फोडण्याच्या बाजूनं. सिस्टर उभ्या राहिल्या. "त्याला हात लावायचा न्हाई. ते माझं तपासायचं टेबल हाय."

लय वादावादी झाली. शेवटी तोडगा निघाला की अर्धा फोडायचा, अर्धा ठेवायचा. अर्धा फोडल्यावर असं झालं की गाडीचं एका बाजूचं चाक वर चढायचं आणि दुसऱ्या बाजूचं सपाट जायचं. आम्हाला वाटलं, सिस्टर चिडतील. त्यांना एवढा आनंद झाला की संध्याकाळी त्यांनी घरोघर शिरा वाटला. "आता दोन्ही बाजू येगळ्या तपासता येतात!"

सकाळचा चहा त्या ओट्यावर, रस्त्याकडं पाठ करून घ्यायच्या. मागून गाड्या जायच्या. सिस्टर बशीत फुंकर मारत पुटपुटायच्या. "शाळेची गाडी. मागची स्प्रिंग बसलीय." "हा कोण पावना? लिंक रॉड बघ म्हणावं."

माझे सासरे सेलूहून पहिल्यांदा आमच्याकडं आले तेव्हाची गोष्ट. गाडी लावून ते फाटक उघडत होते, तोच भिंतीपलीकडून आवाज आला, "तुमचं पुढचं उजवं वाजायलंय."

सासऱ्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "हाव बाई. तुमाला तिथवर ऐकू आलं?"

"चांगलंच. थंडीत जास्त वाजतं का?"

"लय. सकाळच्या पारी तर इचारू नका."

"वजन घेतल्यावर?"

"वजन तर उचलतच न्हाई मी आता."

"तेल गळतं का?"

सासरे जरा थबकले. "तेल मी लावतो. रोज रात्री. तिळाचं."

"तिळाचं?" सिस्टर उभ्या राहिल्या. "अहो, वरून तेल लावून काय व्हतंय? ते खोलून नवीनच टाका."

"डाक्टर बी तेच म्हणायलाय," सासरे हताश होऊन म्हणाले, "पण खर्च लय सांगायलाय, अन् मुंबईला जावं लागंल म्हणतो."

"मुंबईला कशाला? हे काय, कोपऱ्यावर खालेदभाई हायत. दुपारपर्यंत बदलून देतेत."

त्या दिवशी सासऱ्यांचं जेवणात मन लागलं नाही. संध्याकाळी मंगलनं उलगडा केला तेव्हा हसता हसता त्यांना ठसका लागला. गुडघा तसाच राहिला. गाडीचा पुढचा उजवा शॉकप मात्र खालेदभाईंनी दुसऱ्या दिवशी खरंच दुपारपर्यंत बदलून दिला.

हे वेड कुठून आलं, असं मंगलनं एकदा त्यांना सरळ विचारलं. दोघी मेथी निवडत होत्या. सिस्टर एवढ्या बोलक्या, पण हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. नोकरीत असताना एका बाळंतिणीला घेऊन त्या जीपनं जिंतूरला निघाल्या होत्या. जीपच्या मागून आठ दिवस आवाज येत होता. ड्रायव्हर म्हणायचा, काही होत न्हाई. अर्ध्या वाटेत मागचे स्प्रिंगचे पाटे तुटले आणि जीप बसली. उसाच्या ट्रॅक्टरनं ओढून नेईपर्यंत उशीर झाला. "बाई वाचली. लेकरू न्हाई वाचलं." मेथीची एक काडी त्यांनी पुन्हा पुन्हा मोडली. "तवापासून कुणी 'काही होत न्हाई' म्हणलं की मला बसवत न्हाई बगा."

मंगलनं ते मला सांगितलं, आणि सिस्टरनी भुजंगरावांना मारलेल्या हाकांवर आम्ही पूर्वीइतकं हसेनासे झालो. इतर लोक मात्र हसतच होते. भुजंगरावांच्या वैष्णवीचं लग्न होईपर्यंत.

कॉलनीच्या मागच्या मैदानात मांडव होता. मुलगा बोरीचा, घरची बागायत, माणसं चांगली. फक्त नवरदेवाचे मामा, बाबाराव, जरा तालेवार होते. कडक इस्त्री, काळा गॉगल, आणि मांडवाच्या दारात उभी केलेली त्यांची उंच काळी गाडी. नवरी याच गाडीतून सासरी जाणार होती. अक्षता झाल्या, पंगती उठल्या. गाडी बाजूला नेऊन फुलांनी सजवली आणि गल्लीतून परत मांडवाकडं आणली, ती अर्थातच सिस्टरच्या घरासमोरच्या अर्ध्या गतिरोधकावरून.

सिस्टर मांडवाच्या दारात बुंदी खात होत्या. घास तसाच राहिला. गाडी वळली तेव्हा त्यांनी मान तिरकी केली. मग ताट हातात घेऊनच गाडीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"ही गाडी कुणाची?"

"आपलीच," बाबाराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

"हिच्या पुढच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट गेलाय. वळताना कटकट करायलाय. सांधा निखळला की चाक आडवं पडंल. ही बोरीपस्तोर जाणार न्हाई."

बाबाराव हसले. "तुमी कोण बाई?"

"नर्स."

"मंग नवरी बेशुद्ध पडली तर बलावतो."

भोवतालचे पाहुणे हसले. सिस्टर हलल्या नाहीत. "जॅक लावा. चाक वर उचलून वरून-खालून धरून हलवा. ढिलं लागलं तर मी म्हणते ते खरं."

"सजवलेल्या गाडीला जॅक? पाठवणीच्या येळंला?"

भुजंगराव पळत आले. फेटा सुटलेला, डोळे रडून लाल. "सिस्टर, हात जोडतो. सोयऱ्यांच्या गाडीला नाव नका ठेवू. पोरीला तिथं नांदायचं हाय. जाऊ द्या, काही होत न्हाई."

दुसरं काहीही म्हणाले असते तर कदाचित सिस्टर बाजूला झाल्या असत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. मांडवातली प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली, गाडीच्या पुढच्या चाकासमोर ठेवली आणि मोरपंखी शालू सावरून तिच्यात बसल्या.

मग जे व्हायचं ते झालं. वाजंत्री थांबली. वराकडच्या बाया कुजबुजायला लागल्या, पाठवणीला कुणी आडवं बसतं का, अपशकून कसला. नवरदेवाची आई तोंड फिरवून उभी राहिली. कुणी म्हणालं बाईला उचला, पण कॉलनीतल्या निम्म्या गाड्या जिनं तपासल्या होत्या तिला उचलायला कुणी पुढं येईना. भुजंगराव एकदा सिस्टरपुढं हात जोडायचे, एकदा बाबारावांपुढं. त्या अवाढव्य माणसाला तसं वाकताना बघवत नव्हतं. मंगलनं मला कोपरानं ढोसलं, पण मी तरी काय करणार होतो?

तेवढ्यात मंगळसूत्र सारखं करत वैष्णवी पुढं आली. रडून काजळ गालावर उतरलेलं. खाली बघतच म्हणाली, "सिस्टरकाकू म्हणायल्यात तर मी या गाडीत बसणार न्हाई."

सासरी पाऊल टाकायच्या आधीच नवरी नाही म्हणाली होती. नवरदेव बिचारा तिच्याकडं बघायचा, मामाकडं बघायचा, आणि शेवटी स्वतःच्या नव्या बुटांकडं बघायला लागला.

बाबारावांनी गॉगल चढवला. "ठीक हाय. मी एकटा बसतो अन् या मैदानाला चक्कर मारून दाखवतो. काही झालं न्हाई तर बाईनं समद्यांसमोर माझी माफी मागायची."

"मागते की," सिस्टर उठत म्हणाल्या. "पण हळू चालवा. अन् पट्टा लावा."

बाबारावांनी पट्टा लावला, पण हळू चालवली नाही. पहिलं वळण झोकात घेतलं. वराकडच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. भुजंगरावांनी डोळे मिटले. दुसऱ्या वळणावर, मांडवाच्या मागं, आचाऱ्यानं चुलीसाठी खणलेला चर होता. फार खोल नव्हता. चाक त्यात उतरलं, कडाक्कन आवाज झाला, आणि ती उंच काळी गाडी दावणीतली म्हैस बसावी तशी पुढचा पाय मुडपून खाली बसली. चाक आडवं झालं होतं. फुलांच्या माळा चुलीच्या राखेत पडल्या.

सगळे पळत गेले. बाबाराव धडधाकट बाहेर आले. गॉगल एका कानाला लटकत होता. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, वाकून चाकाकडं पाहिलं, आणि मग सावकाश सरळ होत म्हणाले, "बाई, हे तर उजवं हाय. तुमी डावं म्हणला व्हता."

आता सगळे सिस्टरकडं बघायला लागले. सिस्टर गाडीसमोर उभ्या होत्या. त्यांनी आधी चाकाकडं पाहिलं, मग स्वतःचा डावा हात वर करून त्याच्याकडं पाहिलं.

"मी समोरून बगायले ना," त्या म्हणाल्या. "माझं डावं."

पाहुण्यांत खालेदभाई होते, हातात भाताचं ताट. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "या अल्ला! सिस्टर, जिंदगीभर सुई बी ऐसीच मारे क्या?"

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगितलं तर खोटं वाटेल. बाबाराव हसले. राखेत बसलेल्या आपल्या गाडीला टेकून, पोट धरून हसले. ते हसले म्हणून वराकडचे हसले, ते हसले म्हणून भुजंगराव हसले आणि हसता हसता लहान लेकरासारखे रडायला लागले. नवरदेवाच्या आईनं वैष्णवीला जवळ ओढलं आणि तिच्या चेहऱ्यावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली.

नवरी गेली सिस्टरच्या निळ्या गाडीतून. स्वतः सिस्टर चालवायला. राख झटकून उरलेल्या माळा तिच्यावर घातल्या होत्या. पुढं बाबाराव, गुडघे छातीशी घेऊन. मागं नवरा-नवरी आणि करवली. त्या प्रवासाचं वर्णन वैष्णवीनं पहिल्यांदा माहेरी आल्यावर केलं. गाव सुटल्यावर तिला पुन्हा रडू फुटलं, तर सिस्टर म्हणाल्या, "पोरी, जरा दम धर. मागून बारीक आवाज यायलाय, ऐकू दे." त्यावर नवरदेवालाही श्वास रोखून धरावा लागला. खड्डा आला की गाडी थांबायची, सिस्टर खड्ड्याकडं बघायच्या, मग त्याच्या काठाकाठानं गाडी न्यायच्या. उसाच्या गाड्या त्यांना मागं टाकून गेल्या. बोरीच्या वेशीत वाट बघून वाजंत्री घरी निघून गेली होती. नवरीचा गृहप्रवेश दिवेलागणीला, वाजंत्रीशिवाय झाला. "पण मला एकदा बी दचका बसला न्हाई," वैष्णवी म्हणाली.

बाबाराव तर पुढं त्यांचे भक्तच झाले. लांबच्या गावाला निघायचं असलं की सिस्टरला फोन लावायचे, ड्रायव्हरला बॉनेटवर दाब द्यायला सांगायचे आणि फोन चाकाजवळ धरायचे. सिस्टर ओट्यावरून ओरडायच्या, "आणखी एकदा! नीट दाबा! जेवला न्हाई का तो?"

मग त्यांचेच गुडघे गेले. क्लच दाबताना कळ मस्तकात जायला लागली. मुलगी येऊन त्यांना नांदेडला घेऊन गेली. जाताना रडल्या नाहीत, सामान भरणाऱ्या टेम्पोखाली वाकून बघत होत्या. निळी गाडी खालेदभाईंच्या हवाली केली. त्यांनी ती वर उचलून खालून उजेड मारला आणि मला बोलावून दाखवलं. पत्रा कुजलेला, रंग उडालेला, सीट फाटलेल्या. पण खालचा एकूण एक सांधा धडधाकट. खालेदभाई पान न हलवताच म्हणाले, "देखो सर. नीचे से बच्ची के जैसी है."

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर नांदेडहून निरोप आला, सिस्टर गेल्या. झोपेत गेल्या.

त्यांनी परभणी सोडल्यानंतर, त्याच्या आधी, मी त्यांना एकदाच पाहिलं. उन्हाळा होता, नांदेडहून मी बसनं परत येत होतो. चुडाव्याच्या रेल्वे फाटकात बस थांबली. पुढं वाहनांची रांग. खिडकीतून बघतो तर पलीकडच्या बाजूच्या रांगेत एका जुन्या जीपसमोर किरमिजी साडी. एका हातात काठी, दुसरा हात जीपच्या बॉनेटवर. बाजूला त्यांच्या मुलीची गाडी दार उघडं टाकून उभी आणि मुलगी आतून हाका मारतेय. जीपवाला आपल्याच जीपबाहेर उभा राहून गुन्हेगारासारखी उत्तरं देत होता. सिस्टर काहीतरी विचारायच्या, तो मान हलवायचा. मग त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं मान खाली घातली.

मालगाडी गेली. फाटक उघडलं. त्या बाजूच्या सगळ्या गाड्यांनी एकदम हॉर्न धरले. सिस्टरनी मागं न बघता काठी वर करून सगळ्या रांगेला थांबवलं आणि पुन्हा बॉनेट दाबलं.

आमची बस निघाली. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकून हाक मारली, "सिस्टर! ओ सिस्टर!" त्याच वेळी बस रुळांवरून गेली, मागून दाणकन आवाज झाला, सगळे प्रवासी उडून पुन्हा जागेवर बसले. सिस्टरनी झटकन मान वळवली. मी जोरजोरात हात हलवला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. कपाळाला आठ्या घालून, मान तिरकी करून, त्या आमच्या बसच्या मागच्या चाकाकडं बघत होत्या.